किंमत चार आणे

६ एप्रिल १९१९, रविवार. रौलट कायद्याच्या निषेधार्थ मुंबईने कडकडीत हरताळ पाळला होता. सकाळी चौपाटीवर समुद्रस्नान झालं, दिवसभर उपास झाला आणि संध्याकाळी उपास सोडल्यावर भर रस्त्यात एक बेकायदा विक्री सुरू झाली. विकायला काय, तर पुस्तकं. सरकारने जप्त केलेली ‘हिंद स्वराज’ आणि ‘सर्वोदय’ ही दोन पुस्तकं मुद्दाम पुन्हा छापून घेतली होती. स्वयंसेवक ती घेऊन गर्दीत शिरले. गांधीजी आणि सरोजिनी नायडू मोटारींतून बाहेर पडले. घेणाऱ्याला सांगितलं जाई, की बाबा, हे जवळ सापडलं तर तुरुंगात जावं लागेल. किंमत चार आणे. पण चार आणे मोजून पुस्तक घेणारा जवळजवळ कुणी भेटेचना. लोक खिशात असेल ते काढून देत होते. पाचाची नोट, दहाची नोट. एकाने तर एका प्रतीचे पन्नास रुपये दिले. गांधीजींनी आत्मकथेत हे सगळं लिहून ठेवलंय.

खरी गंमत पुढेच आहे. सगळे अटकेची वाट बघत बसले आणि सरकारने ठरवलं, की विकली गेलेली पुस्तकं जप्त केलेली पुस्तकं नव्हेतच. पुन्हा छापली म्हणजे नवी आवृत्ती; नव्या आवृत्तीवर बंदी नाही; म्हणून गुन्हाही नाही. तुरुंगात जायला कंबर कसून निघालेल्यांचा चांगलाच विरस झाला.

हा प्रसंग सांगताना लोक त्या पन्नास रुपयांवर थांबतात. माझं लक्ष चार आण्यांवर जातं. पन्नास रुपये मोजणारे आहेत हे दिसत असताना छापील किंमत चार आणेच राहिली. पुस्तक हातात आलं की आधी मलपृष्ठ उलटून किंमत बघायची मला खोड आहे. त्यात थोडी कंजुषी आहे हे खरं. पण राजकारणावरच्या, समाजावरच्या पुस्तकाच्या बाबतीत किंमत बघितल्याशिवाय मला लेखक कळतच नाही. प्रस्तावनेत ‘सर्वसामान्य वाचकासाठी’ असं लिहिलेलं असतं आणि मागे छापलेला आकडा त्या सर्वसामान्याला दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवतो. प्रस्तावना खोटं बोलू शकते. आकड्याला ते जमत नाही.

तेव्हा हा निबंध आण्यांबद्दल आहे. सोळा आण्यांचा एक रुपया, हे ज्यांना शाळेत पाठ करावं लागलं नाही त्यांच्यासाठी इथेच सांगून टाकतो.

नऊ आण्यांपासून सुरुवात करू. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात एक पुस्तक छापलं गेलं. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. लेखिका बुलढाण्याची, नाव ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून होते, सत्यशोधक समाजाच्या वर्तुळातले होते. त्यांनी मुलीला घरीच शिकवलं. पुस्तकाचं नाव ‘स्त्रीपुरुष तुलना’. नाव वाचून वाटतं, शांतपणे दोन पारडी समोर ठेवून वजन केलं असेल. आत बघावं तर बाईंनी तराजूच उचलून अंगावर फेकलाय.

निमित्त सुरतेच्या एका खटल्याचं होतं. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेने जन्मलेलं मूल मारलं. १८८१ मध्ये सत्र न्यायालयाने तिला फाशी सुनावली. पुढे अपिलात ती शिक्षा काळ्या पाण्यावर आली आणि नंतर आणखी कमी झाली. वर्तमानपत्रांत चर्चेला ऊत आला. विधवांच्या पुनर्विवाहाला बंदी असावी की नसावी, यावर बोलता बोलता लोक बायकांच्या एकूण चारित्र्यावर घसरले. पुण्याच्या एका पत्राने जे तारे तोडले ते बुलढाण्यात ताराबाईंच्या वाचनात आले. मग त्या लिहायला बसल्या.

मला नेहमी त्या टेबलाची, किंवा टेबल नसेल तर पाटाची, उत्सुकता वाटते. १८८२ मधलं बुलढाणं. लिहितावाचता येणाऱ्या बायका हजारात मोजक्या. मराठा घरातला पडदा. समोर पुण्याचं वर्तमानपत्र. आणि ही बाई पुरुषांना थेट ‘तुम्ही’ म्हणून हाक मारते. तिची मराठी संस्कृताच्या पायघड्यांवरून चालत नाही. ती माजघरातून, विहिरीवरून, भांडणातून उठून आलेली आहे. म्हणी, टोमणे, शिव्याशाप, मध्येच एखादा कळवळून काढलेला उद्गार. ती एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते: बायकांवर जे जे दोष लावता ते पुरुषांत नाहीत का? मग देव, पुराणं, राजे, त्या काळच्या कादंबऱ्या-नाटकं, साहेबी थाट करणारे बाबू, कुणालाच ती सोडत नाही. स्त्रीने नवऱ्याला देव मानायचं, तर नवऱ्यानेही देवासारखं वागायला नको का, हा तिचा हिशेब. विजयालक्ष्मीची बाजू ती वकिलासारखी मांडत नाही. ती विचारते, तिला त्या अवस्थेपर्यंत आणणारा पुरुष कुठे आहे? आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी तीच कशी?

आजही ते वाचताना मधूनमधून पुस्तक खाली ठेवावं लागतं. सगळंच पटतं असं नाही. काही ठिकाणी ती पाल्हाळ लावते, काही ठिकाणी तिचा राग स्वतःलाच अडखळतो, आणि जातीच्या काही चष्म्यांतून तीही सुटलेली नाही. पण मराठीत स्त्रीने सार्वजनिक प्रश्नावर, परवानगी न मागता, कुणा थोर पुरुषाची प्रस्तावना न घेता इतक्या तारस्वरात बोलायची ही सुरुवात आहे. आणि ती नऊ आण्यांना विकायला ठेवली होती.

विकली किती गेली? एवढं नक्की, की टीका झाली. त्या टीकेला उत्तर देऊन तिची बाजू घेणारा एक माणूस होता, जोतीराव फुले. १८८५ मध्ये त्यांनी ‘सत्सार’ नावाची छोटी नियतकालिक पुस्तिका काढली, तिच्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंच्या टीकाकारांना झोडपलं. ताराबाईंनी मात्र पुन्हा पुस्तक लिहिलं नाही. नऊ आण्यांचं ते पुस्तक मराठी साहित्याच्या इतिहासातून जवळजवळ पुसलं गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे या संशोधकांनी ते शोधून पुन्हा छापेपर्यंत ९३ वर्षं गेली. ताराबाईंना मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी वाचलं नव्हतं की वाचून बाजूला ठेवलं होतं, यावर वाद घालता येईल. मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते.

जोतीरावांची स्वतःची गत काय होती? त्यांचं ‘गुलामगिरी’ १८७३ चं. अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण केलेलं. पण किमतीच्या हिशेबात मला त्यांचं दुसरं पुस्तक जास्त ओढून नेतं, ‘शेतकऱ्याचा असूड’. ते १८८३ च्या जुलैत लिहून पुरं झालं. पाच प्रकरणं. पहिली दोन ‘दीनबंधु’त छापून आली आणि तिथेच गाडी अडली. संपादक नारायण मेघाजी लोखंडे. पुढे गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारे, सत्यशोधक चळवळीतलेच, आपलेच. तरी उरलेली प्रकरणं छापायला त्यांनी कच खाल्ली. जोतीरावांनी त्यांना भेकड म्हटलं. सरकारी नोकरशाही, भट अंमलदार, सावकार, शेतसारा, सगळ्यांवर एकाच वेळी चाललेला तो आसूड छापण्यात धोका होता हेही खरं. लोखंड्यांना मी पूर्ण दोष देत नाही.

छापखान्याचं दार बंद झाल्यावर जोतीराव काय करतात? ते पुस्तक वाचून दाखवतात. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, आणखी गावं. शेतकऱ्यांपुढे बसून स्वतःच्या तोंडाने. बडोद्याला सयाजीराव महाराजांनीही त्यातला काही भाग ऐकला. या वाचनांची मी कल्पना करतो तेव्हा ओतूरची एखादी ओटी डोळ्यांसमोर येते. कंदील, तंबाखूची चंची, दारात चपला. पुस्तकात शेतकऱ्याच्या घराचं, भांड्याकुंड्यांचं, अंगावरच्या कपड्यांचं, जनावरांचं वर्णन येतं, आणि ते ऐकणारा माणूस त्याच घरातून उठून आलेला असतो. ‘शेतीच्या दुरवस्थेची कारणमीमांसा’ असल्या मथळ्याचा सरकारी अहवाल त्याच्यापुढे कुणी वाचला असता तर तो जांभई देऊन उठला असता. इथे त्याला त्याचीच उतरंड, त्याचंच घोंगडं ऐकू येत होतं. शिवाय जंगलखात्याने गुरं चारायची जागा कशी काढून घेतली, पाटबंधाऱ्याचं पाणी कुणाच्या मेहेरबानीने मिळतं, कचेरीत कागद कसा अडतो, हेही. लोकशाही हा शब्द त्या ओटीवर कुणी उच्चारला नसेल. पण राज्य कुणाच्या पैशावर चालतं आणि त्या पैशाचं काय होतं, हा प्रश्न तिथे मोठ्याने विचारला गेला, आणि त्याला एक पैसाही लागला नाही.

‘असूड’ आज सहज हाताला लागतो याचं श्रेय १९६९ साली निघालेल्या ‘महात्मा फुले समग्र वाङ्मया’कडे जातं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं ते काम. संपादक धनंजय कीर आणि पुन्हा तेच स. गं. मालशे. या गृहस्थांचं नाव आपण कधी रस्त्याला दिलेलं पाहिलं नाही. द्यायला हवं होतं.

फुटपाथवर मला त्या समग्र वाङ्मयाची एक जुनी प्रत मिळाली होती. कुठल्याशा शाळेच्या ग्रंथालयाचा जांभळा शिक्का, पुठ्ठा निखळलेला, आणि ‘असूड’च्या पानांत पेन्सिलीच्या खुणा. खुणा करणाऱ्याने जातीबद्दलच्या, धर्माबद्दलच्या वाक्यांखाली रेघ मारलेली नाही. जिथे जिथे आकडे आहेत, सारा, पगार, खर्च, तिथे त्याने समासात बेरीज करून पाहिली आहे. एका ठिकाणी बेरीज चुकल्यासारखी वाटून खोडली आणि पुन्हा केली आहे. कोण असेल? गणिताचा मास्तर असेल. सहकारी पतपेढीचा सचिवही असू शकेल. जोतीरावांना असाच वाचक हवा असणार, असं मला त्या खोडलेल्या बेरजेकडे बघून वाटतं.

आता आठ आणे.

१९३६ चं वर्ष. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वार्षिक परिषदेचं अध्यक्षपद देऊ केलं होतं. भाषण तयार झालं. मंडळाच्या लोकांनी ते आधी वाचलं आणि त्यांचं धाबं दणाणलं. वेदांच्या आणि शास्त्रांच्या प्रामाण्याला हात घालणारा भाग गाळा, असं सांगणं सुरू झालं. आंबेडकरांनी कळवलं, स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. परिषद बारगळली. मग त्यांनी न झालेलं ते भाषण स्वखर्चाने छापलं. मे १९३६. दीड हजार प्रती, किंमत आठ आणे. इंग्रजी नाव ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. मराठीत ‘जातिप्रथेचे विध्वंसन’. दोन महिन्यांत प्रती संपल्या. गुजराती, तमिळ अनुवाद झाले, मराठी-हिंदी-पंजाबी-मल्याळमची तयारी सुरू झाली. तमिळ अनुवाद पेरियारांच्या ‘कुडी अरसु’ या साप्ताहिकाने आणला.

गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये या भाषणाची दखल घेतली, टीका केली, वर्णाची आपली बाजू मांडली. हा वाद सगळ्यांना ठाऊक असतो. त्याच लेखात एक वाक्य किमतीबद्दल आहे, ते मात्र फारसं कुणाला आठवत नाही. कुठल्याही सुधारकाला या भाषणाकडे दुर्लक्ष करता येणार नाही असं म्हणून गांधीजी सुचवतात, की आंबेडकरांनी किंमत आठ आणे ठेवली आहे, ती दोन आण्यांवर, निदान चार आण्यांवर आणावी.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो होतो. ज्या पुस्तकाचं आपण खंडन करतोय ते स्वस्त करा म्हणजे जास्त लोक वाचतील, असं सांगणारा टीकाकार आज दाखवा. हसू ओसरल्यावर दुसरी बाजू दिसली. गांधीजींच्या मागे आश्रम होता, नवजीवन होतं, देणग्या होत्या, देशभर वाटणारे हात होते. चार आण्यांचं पुस्तक त्यांना परवडत होतं. आंबेडकरांनी आपल्या खिशातून छापलं होतं आणि ज्यांच्यासाठी ते लढत होते त्यांच्याकडे ना आठ आणे होते, ना चार, ना इंग्रजी. ते भाषण मुळात सवर्ण सुधारकांना ऐकवायला लिहिलेलं. आठ आणे त्या श्रोत्याची किंमत होती. तुम्ही लाहोरला फुकट ऐकलं नाहीत. आता पैसे देऊन वाचा. गांधीजींची सूचना सद्भावनेची होती यात मला शंका नाही, आणि तरीही तिच्यात ज्याच्याकडे यंत्रणा आहे त्याचा सहजपणा आहे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात.

पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या आवृत्तीत आंबेडकरांनी गांधीजींचे लेख जसेच्या तसे छापले आणि त्यांना उत्तर दिलं. विरोधकाचं म्हणणं आपल्याच पुस्तकात, आपल्याच पैशाने, पूर्ण छापायचं. हल्लीच्या वादांची सवय झालेल्या माणसाला हे वाचून अंमळ लाजल्यासारखं होतं.

पुस्तकाच्या आण्यांबद्दल बोलताना मजुरीच्या आण्यांची आठवण ठेवावी लागते, नाहीतर सगळा हिशेब पुस्तकी होतो. ती आठवण मला गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकाने करून दिली. तलासरी, डहाणू, उंबरगाव भागातले वारली. लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघंही त्याचे जन्माचे गडी. त्यांना लग्नगडीच म्हणत. वेठ, मारहाण, बायकांची विटंबना. १९४५ मध्ये गोदावरीबाई ज्यात होत्या त्या किसान सभेने त्यांना उभं केलं, तेव्हा मागणी काय होती? रोजाला रोख बारा आणे. पुढे गवतकापणीचा संप झाला तेव्हा पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. तळवड्याला ऑक्टोबरात गोळीबार झाला, माणसं मेली. बारा आण्यांच्या रोजासाठी हे मोल. ताराबाईंचं नऊ आण्यांचं पुस्तक त्याच्या ६३ वर्षं आधीचं. म्हणजे त्या काळच्या मजुराला ते किती दिवसांच्या पोटाला पडलं असतं, ते समासात बेरजा करणाऱ्या मास्तरांना विचारावं. गोदावरीबाईंचं पुस्तक ज्यांच्याबद्दल आहे त्यांतल्या फारच थोड्यांना ते वाचता आलं असेल. बाईंना हे नक्की ठाऊक होतं. तरी पुस्तकात कुठेही वारल्यांच्या वतीने बोलतोय असा आव नाही. त्या त्यांच्यात राहिल्या, त्यांच्या खोपटात झोपल्या, आणि जे दिसलं ते साध्या मराठीत सांगितलं. पुस्तक पातळ नाही. पातळ तेच थोर, असं माझं म्हणणं नाहीच.

६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, दादरला गेलात तर आण्यांची ही गोष्ट आजच्या रुपयांत चालू असलेली दिसते. शिवाजी पार्कात पुस्तकांच्या दुकानांच्या रांगा लागतात. मांडव, टेबलं, आणि टेबल न परवडणाऱ्यांनी जमिनीवर अंथरलेलं प्लॅस्टिक. मराठवाड्यातून, विदर्भातून रात्रभर गाडीच्या डब्यात उभं राहून आलेली माणसं चैत्यभूमीच्या रांगेतून सुटली की इथे येतात. भारताचं संविधान, बुद्ध आणि त्यांचा धम्म, फुल्यांचा असूड, पेरियार, भीमगीतं, दिनदर्शिका, स्पर्धा परीक्षेची गाईडं, सगळं एकत्र. एका दुकानाशी मी पुष्कळ वेळ रेंगाळलो होतो. पन्नाशीचे एक गृहस्थ, खांद्यावर पंचा, हातात ‘जातिप्रथेचे विध्वंसन’च्या दोन वेगवेगळ्या प्रकाशकांच्या प्रती. एक जाड कागदाची, चकचकीत. एक पातळ, मुखपृष्ठाची शाई किंचित सरकलेली. त्यांनी दोन्ही पालथ्या करून किंमत बघितली. मग दुकानातल्या पोराला विचारलं, “दादा, दोन्हीत तेच हाय का?”

“जय भीम काका. मजकूर एकच हाय. कागद येगळा.”

काकांनी तरीही मधलं एक पान दोन्हीत उघडून, बोट ठेवून, ओळीला ओळ लावून पाहिली. समाधान झाल्यावर पातळवाल्याचा गठ्ठा उचलला. गावातल्या पोरांना वाटायचा होता. पोराने न सांगता वर थोडी सूट दिली.

एकाच पुस्तकाच्या इतक्या आवृत्त्या कशा, हा प्रश्न पडतो. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. बाबासाहेबांच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०१७ पासून सगळ्यांचं झालं. पण खरं सांगायचं तर दादरच्या आणि नागपूरच्या दीक्षाभूमीच्या विक्रेत्यांनी या तारखेची वाट कधीच पाहिली नव्हती. सरकारने १९७९ मध्ये वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढायला सुरुवात केली. कामही मोठं, किंमतही कमी. पुढे मात्र मागणी असून खंड मिळेनासे झाले. कागद घेऊन ठेवलेला आणि छपाई अडलेली, अशी बातमी आली आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला आपणहून दखल घ्यावी लागली. ज्या पुस्तकाला गिऱ्हाईक रांगेत उभं आहे ते छापायला न्यायालय लागतं, हा एक आपल्याकडचाच प्रकार.

स्वस्त पुस्तकाची चळवळ मराठीत बुद्धिजीवी मंडळींनीही केली, हे नोंदवायला हवं. १९७५ मध्ये ‘ग्रंथाली’ सुरू झाली; वाचकांकडून आधी पैसे गोळा करायचे, मग पुस्तक कमी किमतीत काढायचं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये त्यांनीच काढलं, आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यात ते पोचलं त्यात त्या योजनेचा वाटा होता. त्या दिवाणखान्यांत त्यावर काय बोललं गेलं, हा वेगळ्या निबंधाचा विषय.

आणि कम्युनिस्ट कार्यकर्ते गोविंद पानसरे. १९८७ मधलं एक व्याख्यान. १९८८ मध्ये लोकवाङ्मय गृहाने त्याची पुस्तिका केली, ‘शिवाजी कोण होता?’. नावातच प्रश्नचिन्ह. एका प्रवासात वाचून होईल एवढी. कार्यकर्त्यांनी ती झोळीत घालून सभांच्या बाहेर, कॉलेजांच्या दारात, एसटी स्टँडवर विकली. रयतेची भाजी-लाकूडही फुकट घेऊ नका असं लष्कराला बजावणारा राजा त्यात भेटतो. इतिहाससंशोधकाला त्यात नवं काही सापडणार नाही; पानसऱ्यांचा तो दावाही नव्हता. व्यासंगी ग्रंथांत जे पडून होतं ते त्यांनी झोळीत आणलं. लाखांनी प्रती गेल्या, अनेक भाषांत गेल्या. १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात सकाळच्या फेरीहून परतताना त्यांच्यावर आणि पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या; २० तारखेला ते गेले. पुस्तिकेच्या आवृत्त्या त्यानंतर भराभर निघाल्या. ती एखाद्या जाडजूड, दीड हजार रुपयांच्या ग्रंथात कोंडलेली असती तर तिची कुणाला एवढी भीती वाटली असती का, असा विचार मनात येतो.

आज मराठी पुस्तकांच्या दुकानात राजकारणाचं कपाट भरलेलं आहे. लोकशाहीचा मृत्यू, लोकशाहीचं भवितव्य, निवडणुका, माध्यमं, राष्ट्रवाद. बरीचशी भाषांतरं, काही उत्तम, काही यंत्रातून काढल्यासारखी. मुखपृष्ठं देखणी. किंमत पाचशेच्या आसपास किंवा वर. प्रकाशकाची अडचण मला कळते. कागद महागलाय, आवृत्ती पाचशे प्रतींवर आली आहे, म्हणजे पुन्हा १८८२ च्या आकड्यावर, विक्रेता निम्म्याच्या जवळपास सूट मागतो. खेड्यातल्या ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या श्रेणीच्या, वाचनालयाचं अनुदान इतकं तुटपुंजं की त्यात कपाटाला नवं कुलूप येईल. सगळं मान्य. पण दुसरीकडे द्वेष पसरवणारा मजकूर फुकट आहे, दिवसरात्र घरपोच येतो, वाचून दाखवायची सोयही त्यात असते. अफवेला चार आणेसुद्धा पडत नाहीत आणि तिचं खंडन करणाऱ्या पुस्तकाला सहाशे रुपये पडतात. मराठीतल्या विचार करणाऱ्या लेखकांनी आणि प्रकाशकांनी या हिशेबाकडे पाठ फिरवली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तीनशे पानांच्या ग्रंथासोबत त्याच लेखकाने चाळीस पानांची, वीस-तीस रुपयांची पुस्तिका का काढू नये? पांडित्याला त्याने उणेपणा येत नाही. जोतीरावांना आला नाही, बाबासाहेबांनाही आला नाही.

‘स्त्रीपुरुष तुलना’ बाजारात मिळते. साहित्य संस्कृती मंडळाने आपली कित्येक पुस्तकं संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत, ती मोबाइलवरही उतरतात. घरात, कट्ट्यावर, बचत गटाच्या बैठकीत, जिथे चार माणसं असतील तिथे यातलं काहीतरी घ्या आणि मोठ्याने वाचा. ताराबाईंपासून सुरुवात केलीत तर पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी भांडायला उठेल. त्याला उठू द्या, आणि पुढचं पान उलटा.